वाडीला गेलेलं कांडप

फेब्रुवारी सरत आला की गवंडीपुऱ्यात माणसं शिंकायला लागत, आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे. गल्लीत नवीन सून आली की पहिल्या उन्हाळ्यात तिचे डोळे सुजत. दुसऱ्या उन्हाळ्यात ती पदर नाकाला लावून चालायला शिके. पुढे तीच माहेरी सांगे, ‘तिखट कांडायचं असंल तं आमच्याकडे पाठवा, वच्छलाबाईकडे.’

वच्छलाबाई डांगोरेंचं घर गल्लीच्या तोंडाशी होतं. पुढच्या दोन खोल्यांपैकी एकीत आटा चक्की, दुसरीत मिरचीचं कांडप, आणि राहणं मागच्या अंगाला. त्यांचे मालक रुपराव कापडाच्या मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा हाती आलेल्या पैशातून कुणी स्कूटर घेतली, कुणी पोरीचं लग्न उरकलं. रुपरावांनी जुनी मशिनं आणली. बायको भिवापूरकडची, मिरचीच्या वावरात वाढलेली. ती तिखटाला भिणार नाही, एवढ्या भरवशावर त्यांनी धंदा मांडला. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. वच्छलाबाई साठीच्या पुढे गेल्या होत्या, पण चक्कीचा पट्टा उतरला तर चढवायला अजून कुणाला हाक मारत नव्हत्या.

कांडपावर त्यांच्या जोडीला कांताबाई असे. ती पलीकडच्या चाळीत भाड्याने राहायची. नवरा एका गोदामावर राखणदार. मिरची उन्हात पसरणं, देठं मोडणं, मशीन लावणं, सगळं ती करायची. बोलायला फटकळ. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायची, ‘मिरची हाय बाप्पा, चहा नाही, दोन मिनिटात होत नाही.’ दुपारी दोघी कांडप बंद करून मागच्या खोलीत जेवायला बसत. वच्छलाबाईंना वाटे, आपलं उरलेलं आयुष्य असंच जाणार, आणि गेलं तर बरंच.

ही गल्ली वसवली होती गवंड्यांनी. धरमपेठेतले बंगले बांधायला आलेली ती माणसं. बंगल्यांच्या पाठीमागे त्यांनी आपली घरं टाकली, म्हणून तो गवंडीपुरा. आता ते बंगलेच एकामागून एक पडायला लागले. मालकांची मुलं पुण्याला, बंगलोरला, अमेरिकेला. बंगल्याच्या जागी सात-आठ मजले उभे राहत. मग बिल्डरांची नजर पाठीमागच्या गल्लीकडे वळली. लाकडाच्या टालाच्या जागी काचेचं कॉफीचं दुकान आलं. सायकलवाला गेला, तिथे कुत्र्यांना आंघोळ घालायचं दुकान उघडलं. वच्छलाबाईंच्या अगदी समोर अमलताश हाइट्स नावाची इमारत झाली. तिला मोठं लोखंडी फाटक आणि फाटकावर टोपीवाला पहारेकरी.

ज्यांचं घर स्वतःचं, त्यांना जाताना हाती काहीतरी लागलं. कुणी बेसा रोडला फ्लॅट घेतला, कुणी गावी शेताला तारेचं कुंपण केलं. भाडेकऱ्यांचं तसं नव्हतं. चाळीच्या मालकाने चाळ विकली, आणि पिढीपिढीची बिऱ्हाडं उठायला निघाली. स्वस्त खोल्या मिळाल्या त्या अमरावती रोडला, वाडीत, ट्रकांच्या आणि गोदामांच्या भाऊगर्दीत. कांताबाईही तिकडेच निघाली.

तिच्या जाण्याच्या दिवशी वच्छलाबाई चाळीत गेल्या. सामान टेम्पोत चढलं होतं. कांताबाई मात्र रिकाम्या खोलीत उकिडवी बसून फरशी पुसत होती.

‘काहून पुसून राहिली वं?’ वच्छलाबाई म्हणाल्या. ‘उद्या पाडून राहिले ना ते.’

‘पाडो. पर घान सोडून कशी जाऊ?’ तिने फडकं पिळलं. ‘सासू मेली याच खोलीत, पोट्टे झाले याच खोलीत. मालकानं विकली म्हनून का म्या उष्टी ठेवू?’

आपलं घर आपल्या नावावर आहे याची वच्छलाबाईंना त्या दिवशी पहिल्यांदाच लाज वाटली. कांताबाईने बादली दाराबाहेर ओतली, चप्पल घातली आणि टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली. ‘कामाले येतो परवापासून,’ ती आतून ओरडली. ‘मशिनीले हात लावजा नका, पट्टा ढिला हाय!’

ती येत राहिली, पण ते येणं आता सोपं राहिलं नव्हतं. सकाळी बसमध्ये चढायला जागा नसे, संध्याकाळी ऑटोवाले वाडीकडे जायला नाक मुरडत. पूर्वी जी सकाळच्या चहाला हजर असे, ती उन्हं तापल्यावर पोहोचायची आणि आल्या आल्या भिंतीला टेकून बसायची. तोंडाने मात्र म्हणायची, ‘काही नाही ताई, आंग थोडं दुखून राहिलं.’

दुसरीकडे वच्छलाबाईंचा मुलगा सुशील घर विक म्हणून आईच्या मागे लागला होता. तो वाडीतच एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेबाला होता. बायको काजल आणि मुलगी पिंकी यांच्यासह तो याच घरात मागच्या खोलीत राहत होता. पिंकी आता कॉलेजात जायला लागली होती आणि तिला अभ्यासाला कोपराही नव्हता. बिल्डर दोनदा येऊन गेला होता.

‘आई, सारी गल्ली गेली. तू कोनासाठी धरून बसली?’

‘तुया बापानं घेतलेलं घर हाय.’

‘बापानं चक्की घातली ते पोटासाठी घातली ना? आता पोट भरून राहिलं. पिंकीचं पाह्यजो जरा.’

त्याचं चुकत नव्हतं, हे वच्छलाबाईंना कळत होतं. म्हणूनच त्या चिडायच्या.

अशातच मार्च लागला. वर्षभराच्या तिखटाची पोती यायला लागली. बेसा रोडला गेलेली, मानेवाड्याला गेलेली जुनी गिऱ्हाईकं स्कूटरवर मिरची बांधून आली. मशीन दिवसभर धडधडू लागलं. आणि एका दुपारी, कांताबाई बस गाठायला लवकर निघून गेल्यावर, महानगरपालिकेचा माणूस दारात उभा राहिला. समोरच्या इमारतीतून तक्रार आहे, तो म्हणाला. वस्तीत मिरची कांडता येणार नाही. नाकाला रुमाल लावून तो जसा आला तसाच गेला, आणि जाता जाता सांगून गेला की पुन्हा आलो तर मशीनला सील लावीन.

वच्छलाबाईंची तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं गल्ली शिंकली, कुणी ब्र काढला नाही. हे काल आलेले आता आपल्याला वास शिकवणार? त्या तशाच उठल्या, पदर खोचला आणि रस्ता ओलांडून फाटकाशी गेल्या. पहारेकऱ्याने अडवलं. कुणाकडे जायचं, कोणता फ्लॅट, असं तो विचारू लागला.

‘ज्यानं तक्रार केली त्याच्याकडे जायचं हाय,’ वच्छलाबाई मोठ्याने म्हणाल्या. ‘सांग त्याले, खाली ये म्हना! मिरचीवाली आली म्हना!’

वरच्या गॅलऱ्यांतून दोन-चार डोकी बाहेर आली. थोड्या वेळाने लिफ्टमधून एक बाई उतरली. तिशी-पस्तिशीची, ऑफिसचेच कपडे अंगावर, चेहरा ओढलेला. ती सरळ वच्छलाबाईंच्या समोर येऊन उभी राहिली.

‘तक्रार मी केली, काकू. माझं नाव उत्तरा. तुम्हाला भांडायचंय ना? वर चला. इथे नको.’

असं काही होईल याची वच्छलाबाईंनी कल्पनाच केली नव्हती. भांडणाचे शब्द ओठांवर तयार होते. ते तिथेच राहिले आणि त्या तिच्यामागून लिफ्टमध्ये शिरल्या.

चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात रस्त्याकडच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या आणि फटींत ओले टॉवेल कोंबलेले होते. पलंगावर पाच-सहा वर्षांचा मुलगा बसला होता. तोंडावर वाफेचा मास्क, शेजारी घरघरणारं छोटं मशीन. श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

‘हा केयूर,’ उत्तरा म्हणाली. ‘दमा आहे त्याला. जुन्या शहरात, महाल भागात आमचं घर होतं, तिथे धूळ फार, म्हणून कर्ज काढून इथे आलो. डॉक्टर म्हणाले होते, मोकळ्या हवेत जा.’ ती थांबली. ‘या महिन्यात त्याला दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं.’

वच्छलाबाई मुलाजवळ जायला एक पाऊल पुढे सरकल्या आणि केयूरला खोकल्याची उबळ आली. लहानशी नव्हे, तो दुमडूनच गेला. उत्तरा धावली. वच्छलाबाई क्षणभर बघत राहिल्या, मग त्यांच्या ध्यानात आलं. त्यांचं लुगडं, केस, हात, सगळ्या अंगावर तिखट होतं. त्यांनीच ते घरात आणलं होतं.

त्या मागे फिरल्या आणि दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसल्या.

पोरगा शांत झाल्यावर उत्तरा बाहेर आली. तीही पायरीवर टेकली.

‘बाई, मले सांगितलं काहून नाही?’ वच्छलाबाई म्हणाल्या. ‘रस्ता वलांडून यायचं होतं. साहेब कायले पाठवला?’

उत्तराने मान खाली घातली. ‘रोज तुमच्या दारावरून जाते. आत यायचं कधी सुचलंच नाही. वाटलं, तुमचा धंदा आहे, तुम्ही कशाला ऐकाल?’

‘ऐकलं नसतं बी,’ वच्छलाबाई खरं ते बोलल्या. ‘डोयानं पाह्यल्याबिगर ऐकलं नसतं.’

दुसऱ्या दिवशी कांडप लागलं नाही. आलेली पोती परत गेली. गिऱ्हाईकं हळहळली, काहींनी अमलताशकडे बघून शिव्या घातल्या. वच्छलाबाईंनी त्यांना गप्प केलं. त्या दिवशी कांताबाई काही आली नाही. बस चुकली, असा तिचा निरोप आला. फोनवर ‘आता येऊ नको’ म्हणायला वच्छलाबाईंची जीभ रेटेना. पस्तीसेक वर्षांच्या साथीला फोनवर निरोप कसा द्यायचा? म्हणून पुढच्या दिवशी सकाळी त्या सुशीलच्या गाडीवर मागे बसल्या आणि पहिल्यांदाच वाडीला गेल्या.

वाडी म्हणजे ट्रक. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ट्रक, टायरची दुकानं, ग्रीसचा वास, ढाब्यांचा धूर. गोदामांच्या एका रांगेमागे पत्र्याच्या खोल्या होत्या. तिथे सुशीलने गाडी थांबवली, आणि वच्छलाबाई उतरतात न उतरतात तोच कुणीतरी ओरडलं, ‘अवं, वच्छलाबाई आली!’

खोल्यांतून माणसं बाहेर आली. इस्त्रीवाल्याची म्हातारी, चपला शिवणारा, ब्लाउज शिवणाऱ्या यमुताई. अर्धी चाळ इथे येऊन राहिली होती. कुणी खुर्ची आणली, कुणी पाणी. यमुताईंनी हात धरला तो सोडेचनात. ‘इथं कोन ब्लाउज शिवते वं? साऱ्या ट्रकवाल्यायच्या वस्तीत माही मशीन धूळ खात पडली. माही गिऱ्हाईकं सारी धरमपेठीत.’

कांताबाईच्या खोलीत बसल्यावर वच्छलाबाईंनी सगळं सांगितलं. मुलाच्या बरगड्या, ओले टॉवेल, आपल्या अंगावरचं तिखट. ‘आता कांडप बंद,’ त्या म्हणाल्या. ‘तुले तोंडावर सांगाले आली. तुयं काम गेलं कांता, माह्या हातानं गेलं.’

वच्छलाबाईंना वाटलं, आता ही रडेल. पण ती खेकसली.

‘काम काहून जाईल? पोट्ट्याले तरास होते तं तिथं कांडू नका. इथं कांडा!’

‘इथं?’

‘आता का सांगू तुमाले! मशिनीले पाय नाही, पर टेम्पोले तं चाकं हायत ना? म्या आली टेम्पोत बसून, ते नाही येनार का?’ तिने दाराबाहेर बोट दाखवलं. ‘ते पाहा, समोर शटर पडलं हाय. पाठीमागं भंगारचं गोदाम. कोनाच्या नाकात जाईन? ट्रकच्या?’

वच्छलाबाई दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. समोरचं शटर गंजलेलं होतं. पलीकडे एक ट्रक धूर सोडत मागे येत होता आणि क्लीनर ओरडत होता, ‘आने दो, आने दो!’ मिरचीच्या ठसक्याने इथे कुणाचं काय बिघडणार होतं?

शटरची खोली सुशीलनेच मिळवली. मालक त्याच्या ऑफिसात येणारा होता. आईने आता घर विकावं म्हणून जो मुलगा वर्षभर तोंड फुगवून बसला होता, तोच वीजवाल्याच्या मागे धावला, मालकाशी घासाघीस करून आला. काजलने त्याला विचारलं, ‘काय हो, आता घराचं?’

‘आईले तिकडं खुर्चीवर बसलेली पाह्यली,’ सुशील म्हणाला. ‘किती दिवसांनी हसली ते. घराचं नंतर पाहू.’

मशीन हलवायच्या दिवशी कांताबाई पहाटेच आली. मशीन टेम्पोत चढेपर्यंत तिने चौघा हमालांना दमात घेतलं. वाडीला मशीन उतरवलं आणि टेम्पो रिकामा परत निघणार, तेवढ्यात वच्छलाबाईंनी ड्रायव्हरला थांबवलं. यमुताईंच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, ‘तुमची शिवायची मशीन उचला. माही पुढची खोली खाली झाली. गिऱ्हाईकं तिकडं हायत तं मशीन इकडं काहून?’

यमुताईंना आधी समजेना. समजलं तेव्हा त्यांनी आधी दोऱ्यांच्या रिळांचा डबा उचलला, मशीन नंतर. कॉफीच्या दुकानवाल्याने ती खोली माल ठेवायला मागितली होती आणि चांगलं भाडं देऊ केलं होतं. सुशील एकदाच कुरकुरला.

पहिला हंगाम काही सोन्याचा गेला नाही. बरीच गिऱ्हाईकं ‘वाडी फार लांब पडते’ म्हणून फिरकलीच नाहीत. त्यांनी पाकिटातलं तिखट धरलं. काही दिवस मशीनसमोर दोघी नुसत्या माशा मारत बसल्या. एकदा तर वच्छलाबाई बसमध्ये परत येताना रडल्या. मग कांताबाईनेच तोंड वापरलं. ती सकाळी ढाब्याढाब्यांवर जाऊन उभी राहिली, ‘पाकिटातला लाल भुसा खाऊ घालता का ड्रायव्हर लोकायले?’ असं विचारत फिरली. एका ढाबेवाल्याने कळमन्याच्या बाजारातून मिरचीचं पोतं आणून टाकलं. त्याचं तिखट बघून दुसरा आला. मे महिन्यात ते शटर संध्याकाळपर्यंत उघडं राहायला लागलं.

आता हे कांडप एकटीचं नव्हतं. वच्छलाबाईंनी सुशीलसमोर, काजलसमोर सांगितलं, ‘मशीन माही, मेहनत कांताची. येईल ते आधंआध.’ त्या दिवसापासून कांताबाई वच्छलाबाईंवर भागीदाराच्या हक्काने खेकसायला लागली.

गल्लीत आटा चक्की चालूच होती; वच्छलाबाई वाडीला असल्या की काजल बघायची. उत्तरा पहिल्यांदा गव्हाचा डबा घेऊन आली तेव्हा उंबऱ्याशी घुटमळली. वच्छलाबाईंनी आत बोलावलं. पुढे तिच्याबरोबर इमारतीतल्या आणखी दोघी-तिघी यायला लागल्या; बाकीच्या आल्या नाहीत, आणि एकाने चक्कीच्या आवाजाची कुरबुरही केली. त्याच्यासाठी दुपारी झोपायच्या वेळी चक्की बंद ठेवायचं वच्छलाबाईंनी कबूल केलं. त्यांनाही त्या वेळी पाय लांब करायला मिळत. दळण होईपर्यंत बाया यमुताईंच्या खोलीत बसत आणि उठताना ब्लाउजचं माप देऊन जात. केयूर खाली सायकल चालवायला लागला होता. उन्हाळाभर त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं नव्हतं.

बिल्डर पुन्हा आला. वच्छलाबाईंनी त्याला चहा पाजला. त्या म्हणाल्या, ‘विकीन का नाही, मले मालूम नाही. पर आत्ता नाही.’ पिंकीसाठी मात्र सुशीलने गच्चीवर पत्र्याची एक खोली घातली. तिला टेबल बसलं आणि दार लावून घेता आलं, एवढ्याने ती पोरगी हरखली.

वच्छलाबाई अजून आठवड्यातले तीन दिवस वाडीला जातात. बसची पायरी चढताना कंडक्टरला हाताने थांब म्हणतात आणि तो थांबतो. परवा त्यांना पोहोचायला उशीर झाला. शटरसमोर दोन पोती उभी होती, एक सरदार ड्रायव्हर शिंकत होता आणि कांताबाई नाकाला पदर बांधून त्याला बाजूला व्हायला सांगत होती.

‘आत्ता येनं झालं?’ ती वच्छलाबाईंना बघून म्हणाली. ‘उद्या लवकर येजा. ढाबेवाल्याच्या पोरीचं लगन हाय, चार पोती हळद-तिखट सांगितलं त्यानं.’

‘हाव बाई, येतो,’ वच्छलाबाई म्हणाल्या आणि पिशवी खुंटीला अडकवून देठं मोडायला बसल्या.